लिहिणाऱ्याचा वाटा

लिहा आणि पैसे मिळवा, असं सांगणारे मंच आता गावोगावच्या मुलांच्या फोनवर पोचले आहेत. मालवण तालुक्यातल्या आमच्या आचऱ्याच्या किनाऱ्यावरही ते आले. अशा एका मंचावर मी बराच काळ मनापासून लिहिलं. त्याचं नाव इथं घेत नाही. या धर्तीच्या बहुतेक मंचांची वाटणी एकाच पद्धतीनं चालते आणि मला त्या पद्धतीबद्दल सांगायचं आहे. नवीन माणूस तिथं हिरमुसतो तेव्हा आपलं लिखाणच कमी पडलं असं त्याला वाटतं. माझ्या ओळखीच्या दोन-तीन चांगल्या लिहिणाऱ्या बायका याच समजुतीनं गप्प झाल्या, म्हणून हे लिहिते आहे.

या प्रकाराचं मूळ 2016 मध्ये निघालेल्या स्टीमिटमध्ये आहे. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी ते सुरू केलं. कल्पना ऐकताना फार चांगली वाटते. लेख ब्लॉकचेनवर, म्हणजे पुसता न येणाऱ्या नोंदींच्या सामायिक साखळीवर जातो, वाचक त्याला मत देतात, आणि रोज नव्यानं तयार होणाऱ्या डिजिटल नाण्यांतला हिस्सा मतांप्रमाणे लेखकाला मिळतो. मधे मालक नाही, संपादक नाही, जाहिरात नाही. जानेवारी 2018 मध्ये स्टीम या नाण्याचा भाव 8 डॉलरच्या वर गेला होता आणि त्या दिवसांत एकेका लेखावर लोकांनी मोठ्या रकमा मिळवल्या. ते आकडे खोटे नव्हते. पण पुतण्यानं मला जो व्हिडिओ दाखवला तो त्या तेजीतला होता आणि मी खातं उघडलं 2021 मध्ये. मधल्या काळात भाव पार उतरले होते, हे त्या व्हिडिओत कुठून असणार?

माझ्या शिकवण्या तेव्हा बंद होत्या. मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, वाडीतली माडं पडली, विजेचे खांब आडवे झाले. शाळा कधी उघडतील याचा पत्ता नव्हता. माझ्याकडं वह्या मात्र भरपूर होत्या. रापण, गावपळण, दशावतारातल्या नटांची रंगपटातली तयारी, कुडोपीच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरची, कातळशिल्पं, असं कितीतरी मी वर्षानुवर्षं लिहून ठेवलं होतं. कुणी वाचेल आणि घरात चार पैसेही येतील, तर का नाही?

खातं उघडणं हाच पहिला घाट. नाव एकदा घेतलं की बदलता येत नाही. मग हातात येतात चाव्या, म्हणजे अक्षरांच्या आणि आकड्यांच्या लांबलचक माळा. लिहिण्यासाठी पोस्टिंग की, पैशांच्या व्यवहाराला अ‍ॅक्टिव्ह की, मालकीची ओनर की, गुप्त निरोपांसाठी मेमो की. बँकेचा पासवर्ड विसरला तर शाखेत जाऊन अर्ज देता येतो. इथं मुख्य पासवर्ड हरवला तर कुणीही परत देऊ शकत नाही, देण्याची सोयच नाही. मी त्या माळा वहीत उतरवल्या, पुतण्याकडून एकेक अक्षर ताडून घेतलं आणि ती पानं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. ज्यांनी फोनवरच्या फोटोवर भागवलं त्यांचा फोन पाण्यात पडल्यावर खातंही गेलं, असं मी पाहिलं आहे. होडीवर काम करणाऱ्या मुलाचा फोन पाण्यात पडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

पुढं ओळखीचा लेख. त्यात स्वतःचा फोटो हवा, हातात कागद हवा, कागदावर खात्याचं नाव आणि तारीख. खोटी खाती रोखण्यासाठी हे करतात आणि त्यात तथ्य आहे. पण आमच्यासारख्या घरात बाईनं हातात पाटी धरल्यासारखा फोटो जगासमोर टाकणं सोपं नाही. सासूबाईंनी विचारलं, "मागसून काढूक येतलो मां तो?" मी पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, लेख बदलता येतो, पण जुनी नोंद साखळीत राहतेच. कायमची. मी दोन दिवस विचार केला आणि अर्धा चेहरा पदराआड ठेवून फोटो टाकला. तपासणाऱ्यानं तो परत पाठवला, चेहरा पूर्ण दिसला पाहिजे म्हणून. पुन्हा काढला. खातं उघडतानाच, चाव्या हातात देण्याआधी, हे सांगायला हवं होतं. पुरुषांना ही अडचण कदाचित लक्षातही येत नसेल. मला ती फार जाणवली, आणि आमच्याकडच्या दोघी त्याच पायरीवरून मागं फिरल्या.

पहिला खरा लेख गावपळणीवर लिहिला. रामेश्वराचा कौल झाला की अख्खं आचरा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातं, तीन दिवस तीन रात्री झोपड्यांत राहतं, आणि पुन्हा कौल घेऊनच परततं. हे मी लहानपणापासून पाहिलेलं. चुली कशा मांडतात, मांजर घरी राहिलं तर कुणाचा जीव कसा खालीवर होतो, रात्री भजनं कुठं रंगतात, सगळं लिहिलं. आमच्या घरात रेंज येत नाही म्हणून सड्यावर जाऊन पाठवलं.

लेखाखाली आकडा दिसू लागला: 0.01 डॉलर. सात दिवस तो तिथंच राहिला. सात दिवसांनी मोबदला वाटला जातो, त्याला पेआउट म्हणतात. मला मिळालं शून्य. 0.02 डॉलरपेक्षा कमी रक्कम असेल तर ती दिलीच जात नाही, असा नियम असल्याचं मला त्या दिवशी कळलं. पुढचे कितीतरी लेख याच उंबरठ्याखाली गेले.

हा हिशोब कुणी नीट मांडत नाही, म्हणून मी इथं मांडते. समजा, लेखाखाली 1 डॉलर दिसतो आहे. ऑगस्ट 2019 मध्ये स्टीमचे नियम बदलले, तेव्हापासून त्यातला अर्धा भाग मत देणाऱ्यांना जातो. लेखकाला उरले 50 सेंट. नेहमीच्या पर्यायात त्यातलेही निम्मे 'पॉवर' म्हणून खात्यात अडकतात. म्हणजे लगेच हलवता येतील असे सुमारे 25 सेंट. अडकलेली पॉवर सोडवायची तर 'पॉवर डाउन' करायचं, आणि मी होते त्या मंचावर ती 13 आठवड्यांत, आठवड्याला एक हप्ता अशी मोकळी व्हायची. त्या तीन महिन्यांत नाण्याचा भाव पडला तर नुकसान आपलं. नवीन माणूस लेखाखालचा आकडा पाहतो आणि तेवढे पैसे आपले झाले असं धरून चालतो.

शब्दांचंही रेशन असतं. स्टीमवर सप्टेंबर 2018 पासून रिसोर्स क्रेडिट नावाची गोष्ट आली. प्रत्येक लेख, प्रत्येक प्रतिक्रिया, प्रत्येक मत यांना थोडं क्रेडिट लागतं, ते खात्यातल्या पॉवरच्या प्रमाणात मिळतं आणि पूर्ण भरायला पाच दिवस लागतात. साखळीवर कचरा ओतला जाऊ नये म्हणून हे केलं, हे कारण मला पटतं. पण नवीन खात्यात पॉवर नसल्यासारखीच असते. मी सड्यावर बसून आठवड्याभराच्या प्रतिक्रियांना उत्तरं द्यायला घ्यायची आणि तिसऱ्या-चौथ्या उत्तराला यंत्र नाही म्हणायचं. समोरच्याला वाटायचं ही बाई बोलत नाही. आणि त्याच मंचावरचे जुने लोक सल्ला द्यायचे की नव्यानं भरपूर प्रतिक्रिया द्याव्यात, ओळखी वाढवाव्यात! कशाच्या बळावर वाढवाव्यात?

मग भाषेचा प्रश्न आला. मी मराठीत लिहीत होते. लेख वाचून मत देण्याचं काम ज्यांच्याकडं असतं त्या क्युरेटर मंडळींपैकी मराठी वाचणारं मला कुणी भेटलं नाही. इंग्रजीत लिही, असा सल्ला मिळाला. मी लेखाखाली इंग्रजी सारांश द्यायला लागले. रंगपट, पडघम, शंखासूर हे सारांशात आणताना दशावताराचा निम्मा जीव जातो. तरी केलं, कारण त्याशिवाय कुणी थांबून पाहतच नव्हतं.

सगळ्यात जास्त लागलं ते कुडोपीच्या लेखाचं प्रकरण. कोकणातल्या कातळशिल्पांना युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत जागा मिळाली 2022 मध्ये, आणि त्या यादीतलं कुडोपी आमच्याच तालुक्यातलं. मी त्या सड्यावर आधीच जाऊन आले होते. जांभ्यावर कोरलेल्या त्या आकृती उन्हं कलल्यावर कशा उठून दिसतात, हे मी लिहून फेसबुकवर टाकलं होतं. तोच मजकूर थोडी भर घालून मंचावर दिला. काही तासांत एका स्वयंचलित खात्याची नोंद लेखाखाली उमटली: हा मजकूर इतरत्र सापडतो. पाठोपाठ एका माणसाचा इशारा, उचलेगिरी केलीत तर खातं काळ्या यादीत जाईल. मजकूर माझा, फेसबुकचं खातं माझं, फोटोत सावलीसुद्धा माझीच. सिद्ध करण्यासाठी त्यांनी फेसबुकवर मंचाच्या खात्याचं नाव टाकायला सांगितलं, ते मी टाकलं. प्रकरण मिटलं. पण तोपर्यंत लेखाचे सात दिवस सरत आले होते आणि ती इशाऱ्याची ओळ अजूनही लेखाखाली आहे. उचलेगिरी तिथं खरोखर फार चालते, म्हणून पहारा हवाच. पहारेकऱ्यानं आधी विचारावं आणि मग बोट दाखवावं, एवढी माझी अपेक्षा होती. ज्यानं आयुष्यात कुणाची ओळ उचलली नाही, त्याला चारचौघांत चोर म्हटलं की ते मनातून जात नाही.

नारळी पौर्णिमेनंतर रापणी सुरू झाल्या आणि मी रापणीवर लिहायला घेतलं. माहिती नीट हवी म्हणून किनाऱ्यावर एका जुन्या रापणकराशी बोलत बसले. आबा म्हणतात त्यांना सगळे. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल मारते, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन्हीकडं माणसं ओळीनं लागून ओढतात. त्यांनी वाटे कसे निघतात ते सांगितलं: जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, आणि दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा तिथंच वाळूवर, मासळी निघाल्या निघाल्या. मग त्यांनीच मला विचारलं.

"ह्यां लिवन तुका काय मेळता गो?"

"मतां पडली तर पैशे, आबा."

"वाटो कोण करता?"

"ज्येच्याकडे नाणी जास्ती, त्येचां मत जड."

"म्हंजे जाळां त्येंचां." थोडा वेळ ते दोराकडं बघत राहिले. "आणि दोर ओढणाऱ्याक?"

त्याचं उत्तर मी त्यांना आकडे सांगून दिलं. पूर्ण ताकदीचं एक मत दिलं की मत देण्याची शक्ती 2 टक्के खर्च होते, दिवसाला 20 टक्के भरून येते, म्हणजे दिवसाला दहाएक मतं प्रत्येकालाच. मोठ्या खात्याला आणि मला, दोघांनाही. पण मताची किंमत खात्यात अडकवलेल्या नाण्यांवर, म्हणजे पॉवरवर ठरते. तिथं मोठ्या खातेदाराला व्हेल म्हणतात. व्हेलच्या एका मतानं लेखाखालचा आकडा डॉलरांत उडी मारतो, माझ्या मतानं तो हललेला मी कधी पाहिला नाही. चांगला लेख वाचून मी मत द्यायची, आकडा तसाच. त्या लेखकाला वाटत असेल का, की कुणी वाचलंच नाही?

हे वजन किती निर्णायक असतं ते 2020 मध्ये उघड दिसलं होतं. ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली आणि साखळीच्या ताब्यावरून भांडण पेटलं. काही एक्स्चेंजांनी, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री चालते त्या बाजारांनी, ग्राहकांनी आपल्याकडं ठेवलेली नाणी अडकवून मतदानात वापरली. शेवटी त्याच वर्षी मार्चमध्ये बरेच जुने लोक वेगळे झाले आणि हाइव्ह ही नवी साखळी निघाली. साखळी बदलली, तरी नाण्यांप्रमाणे मताचं वजन ही रीत तीच राहिली. मत विकत देणारी, नाणी आमच्याकडं ठेवा आणि रोज मत घ्या म्हणणारी खातीही या व्यवस्थेतून निपजली. त्यांची मतं लेख न वाचता पडतात. वरच्या रांगेतले लेख पाहून नवीन माणूस त्यांच्यासारखं लिहायला जातो, तेव्हा त्याच्यासमोर हेच लेख असतात.

रापणीच्या लेखाला एका मोठ्या खात्याचं मत पडलं. त्या संध्याकाळी घरात सगळ्यांना आकडा दाखवला. दोन दिवसांनी दुसऱ्या एका मोठ्या खात्यानं डाउनव्होट, म्हणजे उलटं मत दिलं आणि आकडा जवळजवळ शून्यावर आला. मी नम्रपणे कारण विचारलं. कळलं ते असं, की त्या दोन खात्यांचं आपसांत वैर होतं आणि एकानं जिथं मत दिलं तिथून दुसरा ते काढून घेत होता. माझ्या लेखात त्यांना काही वावगं दिसलं नव्हतं. वाचलाच नव्हता. मला त्या दिवशी राग आला तो पैशांपेक्षा याचा जास्त आला.

त्याच लेखाखाली इंडोनेशियातल्या आचे प्रांतातल्या एका माणसानं मात्र लिहिलं होतं, की आमच्याकडंही किनाऱ्यावरून असंच जाळं ओढतात, आणि ते ओढणं दाखवणारा एक नाचसुद्धा आहे, तारेक पुकत नावाचा. त्यानं व्हिडिओ पाठवला. मुली ओळीत बसून दोरांचं जाळं विणत होत्या, तालावर. मी तो आबांना फोनवर दाखवला. त्यांनी पुन्हा लाव म्हणून सांगितलं, आणि मग रापणीवरच्या चार जणांना हाक मारली. या मंचाशिवाय आचे आणि आचरा यांची गाठ पडली नसती, हे मी मनापासून मानते. म्हणूनच नव्या माणसांनी तिथून तोंड फिरवून जावं असं मला वाटत नाही.

पैसे काढण्याचं थोडक्यात सांगते. मंचाचं डॉलरसारखं नाणं आपल्याकडच्या एक्स्चेंजवर चालत नव्हतं, म्हणून ते आधी आतल्या बाजारात मूळ नाण्यात बदललं. पॅन, आधार, सेल्फी देऊन एक्स्चेंजवर खातं उघडलं. नाणी पाठवताना मेमोच्या रकान्यात एक्स्चेंजनं दिलेला आकडा टाकावाच लागतो, नाहीतर नाणी पोचतात पण कुणाची ते कळत नाही. पुतण्या शेजारी बसून होता म्हणून ते सुरळीत झालं. माझ्या पॉवर डाउनचे हप्ते चालू असतानाच, मे 2022 मध्ये, टेरा-लुना ही डिजिटल नाणी कोसळली आणि त्यांच्याबरोबर सगळ्या बाजाराचे भाव खाली आले. पहिल्या हप्त्याला जे हाती आलं त्याच्या निम्मंही शेवटच्या हप्त्याला आलं नाही. वर 1 एप्रिल 2022 पासून अशा नफ्यावर सरसकट 30 टक्के कर, आणि 1 जुलैपासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस. एवढ्या कष्टाचं जे खात्यात जमा झालं त्यात घरचं एक वीजबिल भागलं. पैसे आले, हे खरं. लेखांमागच्या वेळाचा विचार केला तर शिकवणीतला एक आठवडा त्याहून जास्त देतो.

मंच चालवणाऱ्यांनी खातं उघडायच्या पानावरच चार गोष्टी लिहाव्यात असं माझं ठाम म्हणणं आहे: 0.02 च्या खाली काही मिळत नाही, निम्मा वाटा मत देणाऱ्यांचा असतो, पॉवर सुटायला कित्येक आठवडे लागतात, आणि फोटो कायमचा राहतो. हे आधी माहीत असतं तर पहिल्या महिन्यात माझ्या लेखनावरचा माझा विश्वास इतका डगमगला नसता.

आता वाडीतली एक मुलगी, कणकवलीला कॉलेजात जाते ती, मला विचारायला आली, "काकी, खातं काढू की नको?" मी तिला वही घ्यायला लावली आणि 1 डॉलरचा हिशोब तिच्याकडूनच करून घेतला. चाव्या कागदावर दोन ठिकाणी ठेवायच्या. आधी कुठं छापलेलं असेल तर तिथं खात्याचं नाव आधीच टाकून ठेवायचं आणि लेखात तसं लिहायचं. मराठीतला मूळ लेख पूर्ण ठेवायचा, सारांश खाली. महिन्याच्या खर्चात हे पैसे धरायचे नाहीत. फोटोबद्दल आईशी बोलून मगच. ती आईशी बोलली, चार दिवसांनी आली आणि खातं काढलं.

तिचा पहिला लेख तिच्या आजोबांच्या होडीवर आहे, लाकडाच्या फळ्या काथ्यानं शिवलेल्या जुन्या होडीवर. मी मत दिलं, आकडा हलला नाही. म्हणून खाली मोठी प्रतिक्रिया लिहिली, मराठीत, आणि तीन प्रश्न विचारले: काथ्या कुठून आणायचे, फटीत काय भरायचे, आणि ती होडी शेवटची कधी पाण्यात गेली. दोन प्रश्नांची उत्तरं लगेच आली. तिसऱ्याचं दुसऱ्या दिवशी आलं, तिचं क्रेडिट भरल्यावर.